पावसाळ्यात ग्रुप उभा पसरतो : जुन्या फाइनवेर्कबाऊ ३००एसची दरवर्षी परतणारी अडचण

जून लागला की माझ्या एअर रायफलीचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या पेलेटच्या (शिशाच्या बारीक गोळ्यांच्या) भोकांचा पुंजका, उभा पसरायचा. सलग तीन वर्षं हे झालं. मे अखेरपर्यंत दहा मीटरवर टेकून मारलेले पाच पेलेट एकमेकांच्या भोकात शिरायचे. मृगाचा पाऊस सुरू होऊन आठ-दहा दिवस गेले की तेच पाच पेलेट एकाखाली एक, पागोळीसारखे. आडवी रुंदी जेमतेम तीन मिलिमीटर, उंची मात्र नऊ-दहा. ऑक्टोबरात ऊन तापलं की ग्रुप पुन्हा गोल.

गोंधळ इथेच होत होता. पावसात ग्रुप बिघडला की मी काहीतरी दुरुस्ती करायची, ती होईतो दसरा उजाडायचा, ग्रुप सुधारायचा आणि मला वाटायचं की दुरुस्ती लागू पडली. पुढच्या जूनला पुन्हा तेच. तीन वर्षांत मी पेलेट बदलले, स्प्रिंग बदलल्या, पिस्टनची गादी बदलली, स्वतःची पकड बदलली. खरं कारण या चारांपैकी एकही नव्हतं. ज्यांच्याकडे ही रायफल किंवा हिच्यासारखी सरकत्या यंत्रणेची जुनी मॅच रायफल (स्पर्धेची रायफल) आहे, त्यांची तीन वर्षं वाचावीत म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

रायफल आणि जागा

रायफल कोल्हापूरच्या एका काकांकडून घेतली. ते ऐन उमेदीत हिच्यावर स्पर्धा खेळले होते. खांदा दुखायला लागला तेव्हा, 'पडून गंजण्यापेक्षा कुणीतरी वापरावी' म्हणून त्यांनी ती दिली. अक्रोडाचा स्टॉक (लाकडी दस्ता), लाखेरी रंगाचं पॉलिश, गालाच्या जागी घासून गुळगुळीत झालेलं लाकूड. कोल्हापुरात त्यांच्यासमोर मी वीस पेलेट मारून पाहिले होते, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

मी राहते चिपळूणजवळ. घराला लांब पडवी आहे, तिच्यात दहा मीटरचं अंतर नीट बसतं. टोकाला लोखंडी पेटी, तिच्यामागे चिऱ्याची भिंत, आणि सराव चालू असताना मधल्या दाराला कडी. बाहेर पाऊस कोसळत असताना पडवीत बसून नेम धरण्यासारखं दुसरं सुख मला ठाऊक नाही. म्हणूनच नेमका पावसाळाच बिघडावा याचं दुःख जास्त होतं.

कायद्याबद्दल एवढंच : २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ कॅलिबरपर्यंतच्या (साडेचार मिलिमीटर नळीच्या) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. ३००एस त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे. ०.५३ ग्रॅमचा पेलेट सेकंदाला १७० मीटरने गेला तर हिशेब साडेसात ज्यूलच्या आसपास येतो. तरी जुनी रायफल हातोहात घेताना विकणाऱ्याकडून लेखी कागद घ्या आणि जपून ठेवा.

ही रायफल वेगळी का

फाइनवेर्कबाऊ हा जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फचा कारखाना. माउझर रायफली जिथे बनायच्या, तेच हे गाव. दहा मीटर एअर रायफल १९६६ साली वीसबाडेनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आली आणि १९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिम्पिकमध्ये. मधल्या काळात स्प्रिंगवर चालणाऱ्या मॅच रायफलींचं राज्य होतं. ३००एस ही त्यांतली सत्तरच्या दशकातली.

स्प्रिंगच्या रायफलीचा मूळ दोष सगळ्यांना माहीत आहे. ट्रिगर सुटला की जड पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे रायफल मागे सरकते. पिस्टन टोकाला थांबतो तेव्हा उलटा झटका बसतो. हे सगळं पेलेट नळीत असतानाच सुरू होतं. म्हणजे पेलेट बाहेर पडायच्या आत रायफल हललेली असते, आणि किती हलली हे तुम्ही तिला कसं धरलंय यावर ठरतं.

३००एसमध्ये यावर जो उपाय काढला, तो मला अजूनही थक्क करतो. नळी, दाबनळी (जिच्यात पिस्टन धावून हवा दाबतो ती), वरच्या साइट (नेम धरायच्या खुणा) हे सगळं मिळून एक तुकडा धरा. हा तुकडा पोलादी पट्ट्यांवर बसवलेला आहे. कॉक केल्यावर, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवल्यावर, तो पुढे अडकलेला असतो. ट्रिगर सुटला की तो मोकळा होतो आणि पिस्टनचा धक्का घेऊन लाकडावरून साधारण अर्धा सेंटिमीटर मागे सरकतो. लाकूड आणि तुमचा खांदा जागच्या जागी राहतात. पुढच्या वेळी कळ (कॉक करायचा बाजूचा दांडा, ट्रिगर नव्हे) ओढली की तुकडा पुन्हा पुढे जाऊन अडकतो. मारताना तुम्हाला जाणवतं ते एवढंच की मागची साइट डोळ्याकडे किंचित आली.

हे सरकणं प्रत्येक वेळी सारखं आणि विनाअडथळा झालं पाहिजे, सगळी मदार त्यावर आहे. कुठे अडलं, तर धक्क्याचा काही भाग लाकडात उतरतो. खांद्याचा आधार नळीच्या रेषेखाली असतो, म्हणून मागे बसणारा धक्का नळीचं तोंड वर उचलतो. कधी कमी अडलं, कधी जास्त, की तोंड कधी कमी उठतं, कधी जास्त. कागदावर ते उभ्या रेषेत दिसतं. हे मला आधी सुचायला हवं होतं. सुचलं सगळ्यात शेवटी.

ज्यांच्यावर मी आधी आळ घेतला

पहिल्या वर्षी दोष स्वतःला दिला. श्वास चुकतोय, ट्रिगर ओढताना मनगट दबतंय, असं मानून दोन महिने रिकाम्या भिंतीसमोर उभं राहून सराव केला. सराव वाया जात नाही, पण ग्रुप तसाच. इथे माझी चूक ही की मी उभ्यानेच तपासत होते. रायफलीचा दोष शोधायचा असेल तर माणसाला आधी हिशेबातून काढा. टेबलावर बसा, स्टॉकच्या पुढच्या लाकडाखाली वाळूची पिशवी ठेवा, दुसरी मागे. पिशवी लाकडालाच टेकली पाहिजे, धातूला नाही. पाच-पाचचे चार ग्रुप मारा आणि प्रत्येक कागदावर तारीख, हवा, पेलेटचा डबा लिहून ठेवा. चारही ग्रुप उभे आले तर दोष तुमचा नाही.

मग पेलेट. हे कारण अगदीच खोटं नव्हतं. शिसं दमट हवेत पांढुरकं पडतं, आणि माझ्या उघड्या डब्यातल्या तळाच्या पेलेटवर तशी भुकटी धरली होती. शिवाय जुनी नळी कोणत्या मापाच्या डोक्याचा पेलेट पसंत करेल ते सांगता येत नाही. ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर असे तिन्ही मारून पाहावे लागतात. माझ्या नळीला ४.५० चा चांगला मॅच पेलेट लागतो. पण पेलेट वाईट असला की ग्रुप चहूकडे फुटतो. आडवा घट्ट राहून फक्त उभा फुटत नाही. नवा, सीलबंद डबा उघडला तरी पागोळी तशीच होती.

वेगाचा हिशेब

उभा ग्रुप दिसला की कुणालाही विचारा, एकच उत्तर येतं : वेग कमी-जास्त होतोय, वॉशर (पिस्टनवरचं हवा अडवणारं सील) गेलाय. माझीही तीच समजूत होती. दुसऱ्या वर्षी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले असते तर खर्च वाचला असता.

हिशेब सोपा आहे. १७० मीटर वेगाचा पेलेट दहा मीटर जायला सेकंदाचा सुमारे सोळावा-सतरावा हिस्सा घेतो. तेवढ्या वेळात तो गुरुत्वाने साधारण १७-१८ मिलिमीटर खाली येतो. वेग पाच टक्के घटला तर हे पडणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतं, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. आपल्या टारगेटवर एका वर्तुळापासून दुसऱ्याचं अंतर अडीच मिलिमीटर असतं, आणि दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. तेव्हा पाच टक्के फरकाने गुण जातात हे खरं, पण त्याने नऊ-दहा मिलिमीटरची रेष होत नाही. तेवढी व्हायला वेगात वीस टक्क्यांच्या आसपास फरक लागेल. इतका फरक असेल तर तो कानाला कळतो. एक आवाज करकरीत, दुसरा फुसका.

माझ्या रायफलीचा आवाज एकसारखा होता. ही खूण माझ्यासमोर होती आणि मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

दुरुस्तीने बिघडलं ते

दुसऱ्या पावसाळ्यात रायफल एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने स्प्रिंग 'थकल्यात' असं सांगून जास्त ताकदीच्या बसवल्या आणि सरकत्या पट्ट्यांवर गाडीच्या चाकाला लावतात तसलं घट्ट ग्रीस भरलं. त्याचा हेतू चांगला असेल. पण त्या वर्षीचा ग्रुप सगळ्यात वाईट आला, बारा मिलिमीटरपर्यंत.

दोन्ही गोष्टी का चुकल्या ते सांगते, कारण या दोन्ही सूचना अनेकांना मिळतात. ३००एसमध्ये एकामागे एक अशा दोन स्प्रिंग असतात. एक उजवीकडे पिळलेली, एक डावीकडे, म्हणजे उलगडताना एकीचा पीळ दुसरी खाते आणि रायफल बाजूला कलंडत नाही. हे संतुलन कारखान्याने जुळवलेलं आहे. जोर वाढवला की पिस्टनचा धक्का वाढतो आणि सरकणाऱ्या यंत्रणेवर जास्त भार येतो. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला जोराची गरज नसतेच. आणि घट्ट ग्रीस पट्ट्यांवर असलं की तुकडा चिखलातून ओढल्यासारखा सरकतो. त्यात धूळ बसली की आणखी जड. पट्ट्या स्वच्छ पुसलेल्या हव्यात आणि त्यांवर पातळ तेलाचा हात, बोटाला जेमतेम ओशट लागेल इतकाच. शिलाई मशीनचं तेल तिथे चालतं.

तेच तेल दाबनळीत मात्र कधीही सोडू नका. पिस्टनने दाबलेली हवा एकदम तापते, तेल पेटतं, मोठा आवाज होतो आणि पिस्टनपुढची मऊ गादी जळते.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात मूळ मापाच्या स्प्रिंग परत बसवून घेतल्या, या वेळी पुण्याच्या एका जाणत्या कारागिराकडून. त्याने उघडल्यावर एक खरा दोष सापडला. या रायफलीत हवा अडवायचं काम पिस्टनवरची पोलादी कडी करते, मोटारीच्या इंजिनात असते तशी. तिच्या पुढे टोकाचा धक्का खायला मऊ पदार्थाची गादी असते. जुन्या रायफलींतली ती गादी वयाने विरघळते. माझ्यातली बोटाने चुरता येत होती, पिवळट-तपकिरी गुळासारखी. तुमच्या नळीतून साफ करताना असे चिकट तपकिरी कण निघत असतील, किंवा शेवटी धातूवर धातू आपटल्याचा 'ठण्' येत असेल, तर पावसाळ्याची वाट न बघता गादी बदला. तशीच मारत राहिलात तर पिस्टनच खराब होईल. नव्या गाद्या बाहेरदेशी बनतात आणि मागवता येतात.

हे काम घरी करू नका असं मी आवर्जून सांगेन. उघडताना स्प्रिंगवर ताण असतो. दाबून धरणारा क्लॅम्प आणि अनुभव नसेल तर ती तोंडावर येऊ शकते.

गादी बदलली, आवाज गोड झाला, वेग थोडा वाढला, डिसेंबर ते मे रायफल अप्रतिम चालली. मी काकांना फोन करून सांगितलं, "झाली बरी." जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पागोळी परत.

काकांचा एक प्रश्न

त्या वेळी काकांनी फोनवर विचारलं, "पोरी, मारल्यावर ती मागे पूर्ण जाते का, बघितलंस?"

मी कधीच बघितलं नव्हतं. आपण मारतो तेव्हा डोळा साइटमध्ये असतो. रायफल खाली घेताच कळ ओढतो आणि तुकडा पुढे जाऊन अडकतो. मारणे आणि कॉक करणे यांच्या मधला तो क्षणच कुणी पाहत नाही.

चाचणी दोन मिनिटांची आहे. दाबनळीच्या बाजूला कागदी टेपचा तुकडा लावा, त्याला लागून लाकडावर दुसरा. कॉक केल्यावर दोन्ही टेपांवरून जाणारी एक सरळ पेन्सिलची रेघ ओढा. रेघ ओढताना पेलेट भरलेला नको, आणि कळ बाहेर असताना बोट ब्रीचच्या (पेलेट भरायच्या जागेच्या) तोंडात नको. पेलेट भरताना नेहमीच एका हाताने कळ घट्ट धरा. ती सुटली तर बोट जातं. मग पेलेट भरा, मारा, आणि कळ न ओढता रेघ पाहा. रेघेच्या दोन तुकड्यांमधलं अंतर मोजपट्टीने मोजा. असं दहा वेळा. पेलेटशिवाय मारू नका, रिकामा पिस्टन आपटून गादी खराब होते.

माझ्या दहापैकी चारच वेळा तुकडा पूर्ण मागे गेला होता. बाकी सहा वेळा कुठे अर्ध्यात, कुठे टोकाला मिलिमीटरभर कमी. ते कागद आणि टारगेट शेजारी ठेवले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जिथे तुकडा अडला होता, ते पेलेट वर लागले होते. तीन वर्षांचं कोडं त्या टेबलावर उघडं पडलं होतं.

फोनचा मंदगती व्हिडिओही काढला. अडणाऱ्या वेळी अख्खा स्टॉक उसळताना स्वच्छ दिसतो. टेप लावायची नसेल तर एवढं तरी करा.

अडतंय कुठे

ग्रीस तर काढलं होतं. पट्ट्या चकचकीत होत्या. मग अडथळा कोणता?

जुनी युक्ती : वहीच्या कागदाची बोटभर पट्टी कापायची आणि धातू व लाकूड यांच्या फटीतून पुढून मागे ओढत न्यायची. मे महिन्यात ती सरळ जायला हवी. जुलैत माझी पट्टी उजव्या बाजूला, पुढच्या लाकडाच्या काठाशी अडकली. नक्की किती जागा ते बघायला काजळ वापरलं. घरात तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ होतंच. धातूच्या त्या भागाला अगदी पातळ बोट फिरवलं, पाच पेलेट मारले, स्क्रू काढून स्टॉक वेगळा केला. लाकडाच्या आतल्या काठावर तीनेक सेंटिमीटर लांबीचा काळा डाग होता, बाकी सगळीकडे लाकूड कोरडं.

कारण उघड आहे. स्टॉकला बाहेरून पॉलिश आहे, आतून जवळजवळ कोरं लाकूड. कोरं लाकूड ओल पितं, पॉलिशचं पीत नाही. एकीकडे फुगतं, दुसरीकडे नाही, म्हणून वळतं. आमच्याकडे पावसात दारं चौकटीत अडकतात ना, तेच. माझ्या पडवीतल्या आर्द्रतामापकाचा काटा जुलैत ९० च्या खाली क्वचित येतो. कोल्हापुरात काकांच्या माळ्यावर, लोखंडी कपाटात, हे लाकूड कधी एवढं प्यायलंच नव्हतं.

उपाय

आधी घाई टाळा. ओल्या लाकडाला पॉलिश लावलं तर ओल आत कोंडते. स्टॉक वेगळा काढून, घराच्या आतल्या खोलीत, हवा लागेल असा उभा ठेवा. चुलीवर, हीटरसमोर किंवा उन्हात नाही, नाहीतर तडा जाईल. मी महिनाभर थांबले. दर आठवड्याला घरातल्या साध्या तराजूवर वजन करून लिहून ठेवलं. वजन उतरायचं थांबलं, की लाकूड त्या खोलीपुरतं सुकलं असं धरलं.

मग काळ्या डागाची जागा तासली. तासली म्हणजे ४०० नंबरचा पॉलिशपेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून हलकेच घासली. पटाशी लावायचा मोह आवरा. कागदाची पट्टी दोन घड्या घालून मोकळी जाईल इतकी फट पुरे. इथे फट राहिली तरी नुकसान नाही, कारण सरकणारा तुकडा त्या काठावर बसलेला नाही, पट्ट्यांवर बसलेला आहे. काठ फक्त वाटेतून बाजूला हवा.

त्यानंतर आतलं सगळं कोरं लाकूड बंद केलं. मी चपड्याचं (लाखेचं) पातळ पॉलिश वापरलं, चार हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवस. स्क्रूच्या भोकांच्या आतून आणि बटप्लेटच्या (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीच्या) मागे उघड्या पडलेल्या टोकावरही लावा. लाकूड सगळ्यात जास्त ओल टोकाकडून पितं, आणि नेमकं तेच टोक आपण विसरतो. सुतार मित्राचं म्हणणं पॉलियुरेथेन जास्त टिकतं. पण चपडा स्पिरिटने काढता येतो, आणि एवढ्या जुन्या वस्तूवर मागे फिरता येईल असंच काम करावं हे माझं ठाम मत आहे.

स्टॉक परत बसवताना स्क्रू एकदम आवळू नका. आलटून पालटून, थोडे थोडे. आवळल्यावर स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत पेन्सिलची बारीक खूण करा. पावसात फुगलेल्या लाकडावर आवळलेला स्क्रू हिवाळ्यात लाकूड आकसलं की सैल पडतो, आणि मग ग्रुप तिरका व्हायला लागतो. खूण सरकलेली दिसली की कळतं.

लाकूड नसेल अडत तर

टेपची चाचणी नापास झाली, पण कागदाची पट्टी मोकळी जात असेल, तर आधी पट्ट्यांवरचं जुनं ग्रीस बघा. वर्षानुवर्षं न हललेल्या रायफलीत ते मेणासारखं घट्ट झालेलं असतं. रॉकेलमध्ये बुडवून पिळलेल्या चिंधीने पुसा, पुन्हा कोरड्या चिंधीने, मग पातळ तेल.

तेही स्वच्छ असेल तर स्वतःकडे बघा. मागची साइट तुकड्याबरोबर मागे येते, त्यामुळे डोळ्याभोवतीची रबरी वाटी कपाळाला किंवा चष्म्याला टेकवून मारत असाल, तर तुम्हीच तिला अडवताय. साइट किंचित पुढे सरकवा. उभ्याने मारताना डाव्या हाताची बोटं लाकडाच्या काठावरून वर येऊन धातूला लागतात का, तेही आरशात पाहा. नव्या रायफलीवरून हिच्यावर आलेल्यांना ही सवय असते.

टेपची चाचणी दहापैकी दहा वेळा पास झाली आणि तरी ग्रुप उभा असेल, तेव्हाच वेगाकडे वळा. नळी आणि दाबनळी जिथे मिळतात तिथे टिश्यू पेपरची कपटी धरून मारा. ती फडफडली तर ब्रीचचं सील हवा सोडतंय. हे सील बदलणं गादी बदलण्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे.

ठेवायची कशी

फोमच्या बॅगेत पावसाळाभर ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो आणि धातूला चिकटून बसतो. प्रवासापुरती बॅग ठीक. माझी रायफल आता लोखंडी कपाटात उभी असते, खाली सिलिका जेलचा डबा, आणि जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करते. तो तवा वेगळा ठेवलाय, स्वयंपाकाचा नाही. पेलेटचे डबेही त्याच कपाटात. मारून झाल्यावर धातू कोरड्या फडक्याने पुसायचा, कारण घामाने एका रात्रीत तांबूस ठिपके येतात. मग हात साबणाने धुवायचे, शिसं हाताळलेलं असतं.

मागच्या ऑगस्टमध्ये, श्रावणातल्या अगदी ओल्या आठवड्यात, टेपची चाचणी पुन्हा केली. दहापैकी दहा वेळा तुकडा पूर्ण मागे. टेकून मारलेले चारही ग्रुप उंचीला अडीच मिलिमीटरच्या आत, रुंदीला तेवढेच. त्यातलं एक टारगेट काकांना टपालाने पाठवलं, मागे तारीख आणि आर्द्रता लिहून. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कागदाची पट्टी फिरवते. सप्टेंबरात एकदा त्याच जागी किंचित ओढ जाणवली, म्हणून या हिवाळ्यात तिथे चपड्याचे आणखी दोन हात द्यायचे आहेत.